स्वयंपाकघरातील अवजारे आणि रोजचे रांधणे

शेतीच्या अवजारांची चर्चा गावोगाव होत असते. नांगराचा फाळ किती खोल जावा, पाभरीच्या दोन फणांत किती अंतर असावे, कोळपे कोणाकडून करून घ्यावे, या गोष्टींवर शेतकरी तासन्‌तास बोलतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच शेतकऱ्याच्या घरात वर्षाचे ३६५ दिवस, दोन्ही वेळ जे काम चालते, त्याच्या अवजारांचा विचार क्वचितच होतो. नांगराला वर्षातून काही दिवस काम असते. तवा मात्र एक दिवसही रिकामा राहत नाही. नांगर जड चालला तर बैल थकतात हे शेतकऱ्यास लगेच दिसते. चूल नीट जळत नसेल तर काय होते, हे मात्र घराच्या आतल्या अंगाला घडत असल्याने ते दृष्टीआड राहते. प्रस्तुत लेखात स्वयंपाकघरातील काही अवजारांचा, आणि त्यांच्या अनुषंगाने जळण, वेळ व अन्नाचा कस यांचा विचार केला आहे.

गृहिणींचे मत

गावात एखादे नवे साधन घेऊन जाण्यापूर्वी कार्यकर्त्याने महिला मंडळाच्या बैठकीत एक साधा प्रश्न टाकून पाहावा : “तुमच्या स्वयंपाकघरातील कोणती वस्तू नाहीशी झाली तर तुमचे अडेल?” या प्रश्नाची उत्तरे ऐकण्यासारखी असतात. ज्या वस्तूंचे प्रात्यक्षिक देण्यासाठी कार्यकर्ता आलेला असतो, तिचे नाव पुष्कळदा त्यांत नसते.

वयस्कर बायका बहुधा विळीचे नाव घेतात. “भाऊ, कुकर नसला तर डाळ उशिरा शिजेल, पण विळी नसली तर भाजी चिरायची कशाने?” असे उत्तर हमखास येते, आणि त्यात तथ्य आहे. विळीचे पाते स्थिर असते व पाट पायाखाली दाबलेला असतो. त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहून जिन्नस पात्यावर नेता येतो. चार बोटांच्या भेंडीपासून मोठ्या भोपळ्यापर्यंत सर्व काही एकाच पात्यावर निघते, आणि टोकाला खवणी असेल तर नारळही खवता येतो. उभ्याने काम करण्याचा ओटा ज्या घरात झाला, तेथे विळीची जागा सुरीने घेतली. जेथे बसूनच काम होते तेथे विळी टिकून आहे. रांगते मूल असलेल्या घरात मात्र पाते मिटून ठेवता येईल अशीच विळी असावी, आणि काम होताच ती उंचावर ठेवण्याची सवय असावी.

भाकरी करणाऱ्या बाया तवा आणि काठवट यांचे नाव घेतात. ज्यांच्या घरी दुभते आहे त्यांच्या तोंडी रवी येते. नव्या सुना कुकर आणि मिक्सर म्हणतात. येथे बैठकीत हटकून वाद निघतो. पाट्यावर वाटलेल्या चटणीची चव मिक्सरमधील चटणीला येत नाही, असे सासू म्हणते, आणि सून हसत विचारते, “खरं आहे, आत्याबाई, पण वाटायला तुम्ही बसता का?”

दोघींचे म्हणणे खरे आहे. पाट्यावर वरवंटा जिन्नस चिरडतो व रगडतो. मिक्सरचे पाते तो चिरते व फिरवते. शिवाय पात्याखाली जिन्नस यावा म्हणून मिक्सरमध्ये पाणी घालावे लागते. लसूण-मिरचीचा ठेचा मिक्सरमध्ये पातळ होतो तो यामुळेच. तेव्हा थोडा ठेचा खलबत्त्यात कुटावा आणि रोजचे मोठे वाटण मिक्सरवर करावे, ही वाटणी बहुतेक घरांनी आपण होऊन केलेली आहे. चवीसाठी पाटाच हवा असा आग्रह जेथे असेल, तेथे पाट्याला वेळच्या वेळी टाकी लावून घ्यावी. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर वाटणारीचे खांदे दुखतात आणि वाटण भरडच राहते.

जात्याविषयी कोणी वाद घालीत नाही. पिठाच्या गिरण्या गावोगाव झाल्या, आणि पहाटे उठून दळणे संपले. जात्यावरच्या ओव्यांचे कौतुक पुष्कळ होते व ते व्हावेही. परंतु जिने दळले आहे अशी बाई जाते परत आणा असे म्हणताना आढळत नाही. नवे अवजार कोणते टिकते याचे हे स्पष्ट उदाहरण होय. गिरणीसाठी कोणास व्याख्यान द्यावे लागले नाही. तिने अंगावरचे ओझे उतरविले आणि दुसरे कोणतेही ओझे चढविले नाही.

मात्र गिरणीचे पीठ सोयीचे म्हणून एकदम महिन्याचे दळून आणू नये. ज्वारी-बाजरीचे पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते. भाकरी थापताना चिरा पडतात. बाजरीच्या पिठात स्निग्धांश अधिक असल्याने ते लवकर कडू होते. आठ दिवसांपुरतेच दळण असावे. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकट भाग नसतो. ते उकळत्या पाण्यात मळले म्हणजे पिठातील पिष्ट फुगून चिकट होते व भाकरी धरून राहते. विरी गेलेल्या पिठाला उकळत्या पाण्याने काही प्रमाणात सावरता येते ते याच कारणाने.

उकळी आणि जाळ

स्वयंपाकात जळण सर्वांत अधिक कोठे वाया जाते, असा प्रश्न विचारल्यास बहुतेक जण चुलीकडे बोट दाखवतील. साध्या चुलीत लाकडाच्या उष्णतेपैकी साधारणतः दहाव्या हिश्शाच्या आसपासच भांड्यास मिळते, हे खरे आहे. परंतु दुसरी नासाडी भांड्याच्या तोंडाशी होत असते व ती थांबविण्यास एका झाकणापलीकडे काहीही लागत नाही.

पाण्यास एकदा उकळी आली म्हणजे समुद्रसपाटीच्या गावी ते १०० अंश सेल्सिअसच्या वर तापत नाही; खाली जाळ कितीही वाढवा. जाळ दुप्पट केल्याने डाळ दुप्पट वेगाने शिजत नाही. फक्त पाणी दुप्पट वेगाने उडून जाते. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत आणण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता ते सर्व पाणी वाफ होऊन जाण्यास लागते. म्हणजे खळखळ उकळणाऱ्या उघड्या पातेल्यातून जी वाफ वर जाते, ती वास्तविक डोक्यावरून आणलेली मोळीच वर जात असते. आधण येईपर्यंत मोठा जाळ, आधणानंतर झाकण आणि फक्त उकळी टिकेल एवढा मंद जाळ, हा नियम गॅसच्या शेगडीस आणि चुलीस सारखाच लागू आहे. चुलीवर जाळ कमी करणे म्हणजे एक-दोन लाकडे बाहेर ओढून विझविणे. हे कष्टाचे काम असल्यामुळेच ते टाळले जाते.

प्रेशर कुकरचे मर्म हेच आहे. झाकण घट्ट बसल्यामुळे वाफ कोंडली जाते, आतील दाब वाढतो, आणि दाब वाढला की पाणी १०० अंशांऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते. अन्न लवकर शिजते ते या वीस अंशांमुळे. ही युक्ती जुनी आहे. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडन येथे असे भांडे तयार केले होते आणि ते फुटू नये म्हणून त्यास झडपही बसविली होती. उंचावरील गावांत कुकरचा लाभ अधिक जाणवतो. कारण दर ३०० मीटर उंचीस पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. महाबळेश्वरी उघड्या पातेल्यातील पाणी ९५-९६ अंशांवरच उकळू लागते आणि डाळ शिजता शिजत नाही.

एका शेगडीवर वरण, भात व भाजी एकदम शिजविण्याची कल्पनाही आपल्या देशात जुनीच आहे. कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली कोळशाच्या शेगडीवर एकावर एक डबे ठेवलेला ‘इकमिक कुकर’ काढला. मंद वाफेवर काही तासांत सर्व अन्न तयार होई, आणि मध्ये कोणी लक्ष द्यावे लागत नसे. आजच्या कुकरमध्येही डबे एकावर एक लावावेत. केवळ डाळीसाठी एकदा आणि भातासाठी पुन्हा एकदा कुकर चढविणे म्हणजे बैलगाडी अर्धी भरून दोन खेपा करणे होय.

कुकरबाबत काही गोष्टी गृहिणींना समक्ष दाखवून सांगाव्या लागतात. डाळ थेट कुकरात शिजवावयाची असेल तर तो निम्म्याहून अधिक भरू नये. डाळीला फेस येतो व फेसाबरोबर वर आलेली साल वाफेच्या नळीत अडकते. नळी प्रत्येक वेळी उजेडाकडे धरून आरपार दिसते की नाही ते पाहावे. सुरक्षा झडप वितळली तर तेथे डाख किंवा खिळा मुळीच लावू नये; त्याच जातीची नवी झडप आणावी. वाफ निवण्यापूर्वी झाकण बळाने उघडू नये. चुलीवर कुकर ठेवताना मुठीस ज्वाळा लागणार नाही असा ठेवावा. ‘किती शिट्ट्या’ हे मापही फसवे आहे. पहिली शिट्टी झाली की आच कमी करून घड्याळाकडे पाहावे. पुढची प्रत्येक शिट्टी म्हणजे बाहेर टाकलेली उष्णताच असते.

डाळ न शिजण्याचे खापर पुष्कळदा चुलीवर किंवा डाळीवर फोडले जाते. वास्तविक दोष पाण्याचाही असतो. विहिरीचे पाणी जड असेल तर त्यातील चुना व मॅग्नेशियम डाळीच्या सालीलगतच्या व आतील पेशींना बांधून ठेवतात आणि ती टणक राहते. अशा ठिकाणी डाळ दोन-तीन तास भिजत घालावी आणि साठवून ठेवलेले पावसाचे स्वच्छ पाणी असल्यास ते आधणासाठी वापरावे. खाण्याचा सोडा घातल्याने डाळ लवकर मऊ होते खरी, परंतु सोड्यामुळे ‘ब १’ जीवनसत्त्व नष्ट होते. चिंच, आमसूल, टोमॅटो हे आंबट पदार्थ डाळ पूर्ण शिजल्यावरच घालावेत. आधी घातल्यास डाळ अडून बसते. ‘ब १’ जीवनसत्त्वाचाच विचार केला तर भाताची पेज ओतून देणेही तोट्याचे आहे. कोकणात ती पितात, हे उत्तम. जेथे पीत नाहीत तेथे पाणी मुरेल एवढेच घालून भात करावा.

पेंढ्याची टोपली

विकत न घेता घरी करता येण्यासारखे, आणि तरीही अत्यंत दुर्लक्षित, असे साधन म्हणजे पेंढ्याची टोपली. डाळ-तांदूळ शिजण्यास खरी गरज असते ती काही काळ उष्णता टिकून राहण्याची. जाळ सतत हवाच असे नाही. उकळलेले भांडे चोहोबाजूंनी पेंढ्यात गाडले तर त्याची उष्णता बाहेर जात नाही व अन्न आपोआप शिजते. १८६७ च्या पॅरिस येथील प्रदर्शनात नॉर्वेमधील अशी पेटी मांडली होती. दुसऱ्या महायुद्धात जळणाची टंचाई झाली तेव्हा इंग्लंडमधील घरांतून गवताच्या पेट्या वापरात आल्या. भात पिकविणाऱ्या गावात पेंढ्याची वाण नाही. इतरत्र वाळलेले गवत अथवा भुसकट चालते.

बांबूची खोल टोपली घ्यावी. आतून गोणपाट लावून तळाशी व बाजूंना सुमारे १० सेंटिमीटर जाडीचा कोरडा पेंढा घट्ट दाबून बसवावा आणि मध्यभागी नेहमीचे पातेले नेमके बसेल असा खळगा ठेवावा. गोणपाटात पेंढा भरून त्याची जाड उशी शिवावी. ती वरचे झाकण होय. तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवावेत, आधणात घालून पाच मिनिटे उकळू द्यावेत, आणि झाकण न उचलता पातेले खळग्यात ठेवून वर उशी दाबावी. सुमारे तासाभरात भात होतो. भिजवलेली तुरीची डाळ पंधरा मिनिटे उकळून ठेवल्यास दोन तास लागतात. वाफ जात नसल्याने पाणी नेहमीपेक्षा थोडे कमी घालावे. पातेले जवळजवळ भरलेले असावे. मोठ्या पातेल्यात मूठभर डाळ ठेवल्यास ती लवकर निवते व कच्ची राहते. तेवढ्या वेळात गृहिणी पाणी भरून येते, गोठ्यातील काम उरकते. उतू जाण्याचे किंवा करपण्याचे भय नसते.

या टोपलीस मर्यादा आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. अन्न रात्रभर तीत ठेवू नये. कोमट झालेल्या अन्नात जंतू झपाट्याने वाढतात. काढल्यानंतर ते हातास पोळण्याइतके गरम नसेल तर पुन्हा उकळी देऊन मगच वाढावे. वाघ्या घेवडा अथवा राजमा यांत कच्चेपणी एक विषारी द्रव्य असते. ते मंद उष्णतेने जात नाही. हे कडधान्य रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, निदान दहा मिनिटे खळखळून उकळल्याशिवाय टोपलीत ठेवूच नये. अशा कडधान्यास कुकर बरा. भाकरी तर टोपलीत होणार नाही आणि कुकरातही नाही. तिला तापलेला तवा आणि निखाराच हवा. आणि येथेच चूल घरातून जात का नाही, याचे एक उत्तर मिळते.

धूर, शेण आणि पऱ्हाटी

पंतप्रधान उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि गॅसची शेगडी खेड्यांतील पुष्कळ घरांत पोहोचली. तथापि शेगडी आली म्हणून चूल विझली असे सर्वत्र घडलेले नाही. १४.२ किलोची टाकी भरून आणण्यास एकदम पैसे काढावे लागतात. सरपण मात्र बांधावर पैशावाचून मिळते, म्हणजे त्याची किंमत बाईच्या श्रमात दिली जाते. त्यामुळे चहा आणि भाजी गॅसवर, भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी झालेली दिसते. अर्धा धूर शिल्लकच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातील अशा धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. फुप्फुसांचे जुनाट विकार, लहान मुलांचा न्यूमोनिया, मोतीबिंदू यांचा त्याच्याशी संबंध आहे. चुलीशी आईच्या मांडीवर बसणारे मूल सर्वांत अधिक धूर घेते.

या धुरावर उपाय शोधण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात फार पूर्वी झाले. अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या वर्धा येथील मगनवाडीत धुराड्याची ‘मगन चूल’ तयार झाली. १९५० च्या दशकात हैदराबादचे डॉ. एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या मातीच्या चुलीचा प्रसार केला. केंद्र सरकारने १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला व तो २००२ पर्यंत चालला. तरीही बांधून दिलेल्या चुलींपैकी पुष्कळशा काही काळाने मोडून पडल्या, आणि त्याची कारणे कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात घेण्यासारखी आहेत. धुराड्यात काजळी साचली व ते कोणी झाडले नाही. मातीस तडे गेले ते लिंपण्यास शिकविले गेले नव्हते. चुलीचे तोंड ठराविक मापाचे असल्याने पाहुणे आले म्हणजे मोठे पातेले बसेना. मागच्या वैलावर पाणी कोमट होई, भाकरी मात्र भाजत नसे. बाईने मग एके दिवशी तोंड फोडून मोठे केले, आणि सुधारणा तेथेच संपली. दोष बाईचा नव्हता. चूल बांधण्यापूर्वी तिला तिची पातेली कोणी मागितली नव्हती.

शेतीच्या दृष्टीनेही चुलीतील जळणाचा विचार करावा लागतो. गोवरी जाळली की शेणातील नत्र व सेंद्रिय पदार्थ धुराबरोबर निघून जातात. राखेत केवळ खनिज भाग उरतो. जमीन भुकेली ठेवून चूल जेवू घालण्याचा हा प्रकार आहे. गोबरगॅस संयंत्रात शेणापासून ज्योतही मिळते आणि खतही शिल्लक राहते, म्हणून जेथे जनावरे पुरेशी आहेत तेथे ते अवश्य करावे. मात्र दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे, आणि जवळजवळ तेवढेच पाणी लागते. पाणी जर अर्ध्या कोसावरून डोक्यावर आणावे लागत असेल, तर मोळी उतरवून हंडा चढविल्यासारखे होईल. अशा घरी ते सुचविण्यापूर्वी पाणी कोण भरते हे विचारावे.

कापसाच्या पट्ट्यात पऱ्हाटी हेच मुख्य सरपण असते. तिचा ढीग पुढील हंगामापर्यंत शेताच्या बांधावर वा घरामागे पडून राहतो आणि उरल्यासुरल्या कवड्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुखाने दडून राहते. पऱ्हाटी जाळावयाचीच असेल तर बोंडे वेचून नष्ट करावीत आणि पावसाळ्यापूर्वी ढीग संपवावा. तुराट्यांस ही अडचण नाही. पाऊस सुरू झाल्यावर ओले सरपण जाळणे म्हणजे लाकडातील पाणी उकळण्यात उष्णता घालविणे आणि शिवाय धूर खाणे. चार महिन्यांचे जळण छपराखाली कोरडे ठेवले तर निम्मी फुंकणी वाचते.

प्रात्यक्षिक कसे द्यावे

तोंडी सांगण्यापेक्षा तराजू अधिक पटवितो. मंडळातील दोन घरच्या सारख्या चुली व सारखी पातेली निवडावीत. दोन्हीकडे तेवढेच तांदूळ, तेवढेच पाणी, आणि तोलून दिलेले एकाच जातीचे सरपण. एकीकडे उघड्या पातेल्यात नेहमीप्रमाणे भात करावा. दुसरीकडे झाकण ठेवून, पाच मिनिटे उकळून पातेले पेंढ्याच्या टोपलीत ठेवावे. उरलेले सरपण व निखारे विझवून सुकवावेत आणि बायकांनी स्वतः पुन्हा तोलावेत. आकडा कार्यकर्त्याने सांगू नये. तो त्यांनी वाचावा. पहिल्या खेपेस पेंढा सैल बसून भात कच्चा राहण्याचा संभव असतो, म्हणून टोपली आदल्या दिवशी स्वतःच्या घरी एकदा वापरून पाहावी. प्रात्यक्षिक जेवणाच्या वेळेपूर्वी दीड-दोन तास ठेवावे, म्हणजे शिजलेला भात वाया जात नाही आणि तो नीट झाला की नाही याचा निकाल पंक्तीतच लागतो.